खालच्या नळीची क्लिप

३ शहरीवर, सोमवार

परत डबकं! गाडीखाली, पुढच्या चाकांच्या मध्ये. बोट बुडवून वास घेतला — रेडिएटरचंच हिरवं पाणी.

आणि नेमका आजच कामबीझदादाचा तेहरानहून फोन. "इस्पितळात खाट मिळाली. पंधरा तारखेला, शनिवारी, बाबांचं ऑपरेशन. तेराला पहाटे निघा. उशीर झाला तर खाट दुसऱ्याला देतील, फरंगीस, कळतंय ना?" त्याला रजा नाही. भाड्याची गाडी पाठवतो म्हणाला. पण बाबांनी जन्मभर टॅक्सी चालवली, परक्याच्या गाडीत मागे बसलं की त्यांना मळमळतं. आणि आता तर आडवं पडूनच जावं लागणार. आपलीच जुनी पायकान गाडी बरी. मी चालवीन.

फोन बाबांच्या कानाला लावला. ते म्हणाले, "चश्म, बेटा. चश्म." आज्ञा डोळ्यांवर! डॉक्टरांनाही चश्म, दादालाही चश्म. त्यांच्या तोंडून 'नाही' मी कधी ऐकलेलंच नाही.

सगळं वाळवंट पार करायचं आहे, तेही शहरीवर महिन्याच्या या उन्हात. मध्येच इंजिन उकळलं तर? बाबा मागे झोपलेले, आणि चहूकडे नुसती मिठाची जमीन.

५ शहरीवर, बुधवार

रेडिएटरच्या रबरी नळ्यांच्या सगळ्या जुन्या क्लिपा आज काढल्या. गंजून नळीत रुतल्या होत्या. स्क्रूवर रात्रभर रॉकेल घालून ठेवलं होतं, तरी दोन हलेनात. शेवटी करवतीच्या पात्यानं कापल्या. नळीला पातं लागेल म्हणून जीव मुठीत!

बाबा खिडकीशी उशीला टेकून बघत होते. "ओढू नकोस. आधी पिळ. ओढलीस तर रेडिएटरचं तोंड वाकेल, मग बसशील रडत."

"बाबा, मला येतं."

"येतं म्हणणाऱ्यांनीच माझी गाडी तीनदा बिघडवली."

हसले. मग पोट धरून बसले. मी बघितलं नाही असं दाखवलं.

शाळेत जायच्या आधीच बाबांनी मला अक्षरं शिकवली, याच बॉनेटवरच्या धुळीत. चुकलं की फडक्यानं पुसायचे. म्हणायचे, "आवळलेलं पुन्हा तपास, लिहिलेलं पुन्हा वाच." मी अजून तेच करते. दार लावलं का, गॅस बंद केला का, तीनतीनदा.

६ शहरीवर, गुरुवार

हाज्ज यदुल्लांच्या दुकानातून नव्या क्लिपा आणल्या. म्हणाले, "फरंगीस खानुम, या म्हातारीला किती दागिने घालशील? तिचं लग्न आहे का तुझं?" दुकानातले सगळे हसले. मी लाल झाले असणार. मग हलकेच म्हणाले, "बाबा जेवतात का?" मी म्हटलं, दोन घास.

सगळ्या बसवल्या. नळीच्या काठाला नाही, तोंडाच्या उंचवट्यामागे. स्क्रूचं डोकं हाताशी येईल असं. इंजिन तापवलं, निवू दिलं, पुन्हा एकेक बघितली. यझ्दच्या रस्त्यावर चढणीपर्यंत जाऊन आले. थेंबही नाही!

बाबांना सांगितलं. "शाबास," म्हणाले आणि भिंतीकडे तोंड केलं. थोड्या वेळानं विचारलं, "यंदा डाळिंबं कशी आहेत?" अजून हिरवी आहेत, म्हटलं. मेहेर महिन्यात पिकतील.

८ शहरीवर, शनिवार

डबकं.

खालची नळी. क्लिप सैल. मीच नीट आवळली नसणार. हाताला घाम होता. की घाई केली? घाई केली नव्हती.

९ शहरीवर, रविवार

काल आवळली होती. आज पुन्हा सैल. फार आवळली तर रबर कापलं जाईल, कमी आवळली तर गळेल. माझ्या हाताला आता कळतच नाही, पुरे म्हणजे किती. या हातावर मी बाबांचा जीव वाळवंटातून नेणार!

१० शहरीवर, सोमवार

हाज्जींना क्लिप दाखवली. त्यांनी उलटसुलट करून बघितली. "क्लिप उत्तम आहे. आटेही शाबूत आहेत. स्क्रू आपोआप फिरत नाही, मुली. तुमच्या घरात जिन्न राहतो का?"

घरी येऊन ती परत बसवली. स्क्रूच्या डोक्यावर नेलपॉलिशची रेघ ओढली, तीच पुढे क्लिपच्या पट्टीवर नेली. आपोआप सुटते की माझा गुण, ते तरी कळेल.

११ शहरीवर, मंगळवार

रेघ तुटली आहे. पट्टीवरची जागच्या जागी, स्क्रूवरची दुसऱ्याच बाजूला.

कुणीतरी फिरवलाय. फाटकाला आतून कडी असते. घरात दोघंच आहोत.

१२ शहरीवर, बुधवार

दुपारी सगळी गल्ली झोपते. मी पडून होते, डोळे मिटून. बाबांच्या सपाता वाजल्या. भिंत धरत, थांबत, अंगणात गेले. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघितलं.

गाडीपाशी ते गुडघ्यांवर बसले. मग कुशीवर कलंडले आणि हात खालून आत घातले. स्क्रूड्रायव्हर दोन्ही हातांनी धरला होता, तरी निसटत होता. मध्येच कपाळ बंपरला टेकवून तसेच पडून राहिले. पुन्हा सुरू. मला वाटलं, धावत जावं. ओरडावं — बाबा, हे काय करता! डॉक्टर म्हणाले होते, ऑपरेशन झालं तर कदाचित दोन वर्षं. आणि झालं नाही तर हिवाळ्यापर्यंत. टेबलावरच काही होऊ शकतं, हेही म्हणाले होते. तेव्हाही बाबा म्हणाले होते, चश्म.

मी गेले नाही.

ते आत आले, हात धुतले. बाहीला हिरवा डाग. "चहा आहे का, पोरी?" चहा दिला. खडीसाखर दिली. मी त्यांच्या बाहीकडे बघत होते आणि ते मी बघतेय हे बघत होते.

संध्याकाळी दादाचा फोन. "पहाटे निघताय ना? बाबांना दे." बाबा म्हणाले, "चश्म, बेटा. निघतो." आवाज अगदी आनंदी!

मी जाऊन क्लिप आवळली. सवयीनं. रेडिएटरही भरला. घट्ट बसली आहे. आता ही गाडी तेहरानला जाईल.

१३ शहरीवर, गुरुवार

पहाटे बाबांना उठवेना. दोनदा प्रयत्न केला, खिडकीपर्यंतही पोचले नाहीत. गाडीकडे बघत राहिले.

मी अंगणात गेले. गाडीखाली हात घातला. खालच्या नळीची क्लिप दोन आटे मागे फिरवली. पाणी मनगटावरून कोपरापर्यंत आलं.

मग दादाला फोन केला. "गाडी गळतेय, दादा." खोटं नव्हतं.