पाकिटं मोजायच्या नादात

आदरणीय सटवाजी मामा यांस,

सिद्धोधनचा सविनय जयभीम. तुमचा गुडघा कसा हाय? दुखत असूनबी तुमी पूर्णेच्या स्टेशनापर्यंत चक्कर मारायलात, असं कानावर आलंय (मामीनंच सांगितलं, पण मी तिचं नाव घेतलं असं तिला बोलू नका). मी परभणीत खुशाल, म्हणजे जेवतो-झोपतो, पण जीव थाऱ्यावर न्हाई.

झालं असं. आमच्या कंपनीत मी ड्रायव्हर लिहितो (गाडीचा न्हाई, कॉम्प्युटर आणि त्याचं नेटवर्क कार्ड यांचं जमवून देणारा प्रोग्राम). त्यातून माहितीची बारकी बारकी पाकिटं जातात. आमच्या साहेब वैदेही मॅडमनी सहज विचारलं, किती गेली ते कळतं का? मी हौसेनं काउंटर, म्हणजे मोजणारे आकडे, बसवले. आलेली, गेलेली, गळालेली, अडकलेली, कोणी न मागितलेलीसुद्धा मोजली. गिऱ्हाइकाचं नेट रांगायला लागलं. का म्हणून शोधायला मी आणखी काउंटर घातले, तर ते पारच बसलं. मॅडम म्हणाल्या, "सोमवारपर्यंत सुधारलं नाही तर काम दुसऱ्याला देईन." तवापासून नाडी लय पळायली का म्हणून बघत बसायचो, म्हणजे तिथंबी मोजणीच.

शेवटी सोबत काम करणाऱ्या सुकेशनीला दाखवलं (पूर्णेचीच हाय, तुमच्यासोबत रेल्वेत होते त्या दिनकररावांची मुलगी). तिनं बघितलं आणि म्हणाली, "एका कॉम्प्युटरात काम करणारे इतके कोर, अन् सगळे एकच आकडा वाढवायला झोंबायलेत. एकाचं होईस्तोवर बाकीचे ताटकळतात. पाकिटं कधी पोचवतील?" मग प्रत्येक कोरला त्याचा वेगळा आकडा दिला, बेरीज कोणी विचारंल तवाच. नेट पळायला लागलं. मॅडमनी विचारलं, बेरीज तंतोतंत आहे ना? मी म्हणालो, बेरीज होईस्तोवर आणखी पाकिटं निघून जातात, थोडं मागंपुढं होणारच. त्यांनी गिऱ्हाइकाला फोन लावून नेट पळतंय का तेवढंच विचारलं. काम माझ्याकडंच राहिलं.

मनकर्णा मामीला जयभीम.

तुमचा भाचा,
सिद्धोधन

ता. क. वरचं न्हाई समजलं तरी चालंल. दिनकररावांकडं चहाला जा आणि सुकेशनीसाठी माझा विषय काढा. नोकरी सांगा, घोळ सांगू नका.

दुसरा ता. क. पाकीट चिकटवायच्या आधी सुकेशनीनं हे वाचलं. म्हणाली, "घोळ मी घरी तवाच सांगितलाय. बाबांनी तुझं मन ओळखलं, म्हणाले, त्या पोराला विचारायचं असंल तर स्वतः येऊन विचारू दे." मामा, रविवारी मी पूर्णेला यायलोय. तुमी काही बोलू नका, फक्त शेजारी बसा.