वाजायचे थांबलेले ब्रेक

लिहून ठेवणार मी, दौलतराव कोंडाजी थोरवे, वय वर्षे एकाहत्तर, धंदा पूर्वी कंपनीच्या बसवर ड्रायव्हर, सध्या ओट्यावर बसणे, राहणार चऱ्होली. माझे डोके ठिकाणावर आहे. माझ्या पत्नीचे याबाबत वेगळे मत आहे, पण मृत्युपत्र माझे आहे. कोणी धाक घातलेला नाही, कोणी दारू पाजलेली नाही. माझ्यामागे चीजवस्तूंवरून घरात तोंडे वाकडी होऊ नयेत म्हणून राजीखुशीने हे करून ठेवतो. याआधी असे काही केलेले नाही.

कलम १. राहते घर, मागची विहीर आणि बँकेतली ठेव माझी पत्नी शालनबाई हिच्या नावे. तिने वाटेल ते करावे. मुलाला दिले तरी माझी हरकत नाही. देईलच ती.

कलम २. जॅक, पान्ह्यांची पेटी आणि चाक खोलायचा लांब पाना मोशीच्या ज्ञानेश मेकॅनिकला. त्याने माझ्या गाडीचे ब्रेक पॅड गिऱ्हाइकांना दाखवावेत आणि सांगावे की झिजायचे तर असे, सावकाश. चाकणच्या रस्त्याला मी उभा जन्म शिफ्टची माणसे नेली-आणली. रात्रपाळी करून परतणारा माणूस बसमध्ये झोपतो. ड्रायव्हरने जोरात ब्रेक मारला की त्याचे कपाळ पुढच्या सीटवर आपटते. म्हणून सिग्नल लाल दिसला की लांबूनच रेसवरचा पाय उचलायचा, गाडीला तिच्या मनाने हळू होऊ द्यायचे. पुढच्याच्या बुडाला चिकटायचे नाही. उतारावर खालच्या गिअरमध्ये राहायचे, ब्रेकवर पाय ठेवून बसायचे नाही. माणसे झोपलेलीच राहिली की मला बरे वाटे. पॅड टिकायचे ते वरचे पुण्य.

कलम ३. माझी पांढरी वॅगनआर मुलगा रणजीत याला. त्याची स्वतःची गाडी आहे हे मला ठाऊक आहे. तीच तर भांडणाचे मूळ. त्याची ती नवी गाडी आली तेव्हा तिच्यातून तळेगावला एका साखरपुड्याला निघालो होतो. मी पुढे बसलो होतो, मागे शालनबाई आणि व्याही. घरापासून मोशीपर्यंत मी म्हणत होतो, “पाय उचल, पाय उचल.” मोशीच्या चौकात त्याचा संयम सुटला.

“अण्णा, गाडी माझी हाय, पाय बी माझाच हाय!”

“मंग मला उतरव हितंच.”

त्याने असा ब्रेक मारला की मागे बसलेल्या व्याह्यांची टोपी माझ्या मांडीत आली. टोपी त्यांना दिली आणि उतरलो. गाडी निघून गेली. मी बसने घरी आलो. पुढे तो सूनबाईला, प्राजक्ताला, घेऊन गावाबाहेरच्या नव्या सोसायटीत राहायला गेला. ती येते-जाते. तो येत नाही. मीही जात नाही. खाण तशी माती.

कलम ४. शेजारी हिंदुराव दाभाडे यांनी आपल्या दारापुढे जो गतिरोधक करवून घेतला, आडव्या पडलेल्या म्हशीएवढा, त्याविरुद्ध मी महापालिकेत दिलेला अर्ज मागे घेत आहे. वारसांनी तो पुढे चालवू नये.

कारण लिहितो. रणजीत चाकणहून संध्याकाळी याच रस्त्याने घरी जातो. नवा रस्ता त्याला जवळ पडतो, तरी याच रस्त्याने. गतिरोधकावर त्याचे ब्रेक वाजायचे. आतून शालनबाई म्हणायची, “आवो, आला बगा तुमचा ल्योक.” मी म्हणायचो, “पॅड संपल्यात त्याचं.” एवढीच आमची भेट. ज्या आवाजावर जन्मभर चिडलो, त्याच्यासाठी मी दिवेलागणीपासून ओट्यावर बसायचो. चहा निवून जायचा.

पण पॅड संपलेली गाडी कधीतरी दगा देते. मीच ज्ञानेशला निरोप दिला, रणजीतची गाडी सर्व्हिसिंगला आली की आधी पॅड बदल. त्याने बदलले. तेव्हापासून ओट्यावर काही कळत नाही. अंधारात सगळ्या गाड्या सारख्याच जातात. आता तरी पुन्हा झिजून वाजतील म्हणून वाट पाहत होतो, तर मागच्या आठवड्यात ज्ञानेश येऊन म्हणाला, “काका, रणजीतभाऊचे पॅड बघितले. नव्यासारखेच आहेत. गडी लांबूनच पाय उचलतोय.”

मी विहिरीकडे गेलो आणि रडलो. आनंदही झाला, आणि आता ते कधीच वाजणार नाहीत हेही कळले. मला त्याची फार आठवण येते. हे वाक्य कायद्यात बसत नसेल तर वकिलांनी खोडावे. मी पुन्हा लिहीन.

कलम ५. वकील म्हणतात, मृत्युपत्र माणूस गेल्यावरच लागू होते. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही हे खरे, पण मला तेवढे थांबायचे नाही. म्हणून याची एक प्रत रणजीतला आजच द्यावी. हिंदुराव ती गतिरोधकावर देतील. मी विचारले तेव्हा म्हणाले, “व्हय राव, देतो की. मंग गतिरोधक बांधलाय कशाला?”

वॅगनआरसोबत एक अट आहे. रणजीतने मला शेजारी बसवून एकदा मोशीच्या चौकापर्यंत न्यावे. मी ‘पाय उचल’ म्हणणार नाही. तरी तोंडातून गेलेच, तर मला पुन्हा तिथेच उतरवावे. फक्त थोडे पुढे जाऊन गाडी थांबवावी, आणि मी चालत येईपर्यंत वाट बघावी.

स्थळ : चऱ्होली
दिनांक : १४ नोव्हेंबर २०२४
सही : दौलतराव कोंडाजी थोरवे

आमच्यासमक्ष सही केली :
१. ज्ञानेश शिवाजी माने, मोशी
२. हिंदुराव सखाराम दाभाडे, चऱ्होली

(हिंदुरावांच्या अक्षरात, खाली) प्रत हातात दिली. वाचतोय. गाडी गतिरोधकावरच उभी हाय, मागनं लोक हॉर्न मारत्यात. दौलतराव, चपला घाला.