कॅमेऱ्यावरचं कुंकू

१५ सप्टेंबर

आज आप्पांना सकाळपासून चार जांभया. घरी आठवडा आठवडा तोंड दिसत नाही माणसाचं, आणि स्क्रीनवर रोज दर्शन!

बिलिंगमधून उचलून मला कॅमेरा रूममध्ये टाकलं त्याला महिना झाला. काम काय, तर आमच्या ट्रान्सपोर्ट कंपनीच्या प्रत्येक ट्रकमध्ये ड्रायव्हरच्या समोर केबिनमध्ये कॅमेरा असतो. जांभई आली, डोळा मिटला, की तो कॅमेरा तेवढा तुकडा कापून आमच्याकडे पाठवतो. आपण बघायचं आणि ठरवायचं – खरा की खोटा. जांभई खरी निघाली तर त्या ट्रिपचा भत्ता कापतात. डोळे मिटलेले खरे निघाले, किंवा खऱ्या जांभया फार साठल्या, तर गाडीवरूनच उतरवतात. मग नुसता मूळ पगार, आणि पन्नाशी उलटलेल्याला परत गाडी मिळालेली मी तरी ऐकली नाही. आप्पा त्रेपन्न वर्षांचे.

नातेवाइकाची गाडी बघायची नाही असा नियम आहे. आप्पा माझे वडील हे मी सांगितलेलं नाही. सांगितलं तर आप्पांच्या जांभया दुसरं कोणीतरी बघेल. आहेर आडनावाचे आमच्याकडे ढीगभर आहेत, कुणाला पत्ता नाही. फक्त शेजारच्या यशश्रीला माहीत आहे. घरीसुद्धा सगळे समजतात मी अजून बिलिंगलाच.

१७ सप्टेंबर

आप्पांचे सगळे 'खोटे' केले. कारण लिहिलं – डोळ्यावर ऊन. सकाळी सहाला कसलं ऊन, कप्पाळ!

१९ सप्टेंबर

दिवाळीचा माल सुरू झालाय. भिवंडीच्या गोदामावर गाड्यांची रांग लागते. आप्पा काल दुपारपासून रांगेत होते. रांग दर थोड्या वेळानं पुढे सरकते, म्हणजे झोपायची सोय नाही, मागचे हॉर्न मारतात. पण सिस्टीमला काय दिसतं? गाडी उभी. गाडी उभी म्हणजे ड्रायव्हर आराम करतोय! सकाळी स्क्रीनवर आप्पांच्या नावापुढे हिरवी खूण – विश्रांती पूर्ण. लगेच इंदूरची ट्रिप.

मी आमच्या कॅमेरा रूमच्या यशोधन सरांना म्हटलं, सर, रांगेतला वेळ आराम कसा होईल? सर वाईट नाहीत. म्हणाले, 'सिस्टीम पुण्याहून येते गं, माझ्या हातात काय आहे?' कुणाच्याच हातात काही नसतं. स्टेअरिंग तेवढं आप्पांच्या हातात.

२३ सप्टेंबर

अलर्ट आला की ड्रायव्हरला फोन करायचा असतो, हिंदीतून, ठरलेली वाक्यं. आप्पांचा फोन नेहमी यशश्री करते. आज तिनं दांडी मारली. सर मागेच उभे. काय करणार! आवाज बारीक केला आणि म्हटलं, 'नमस्ते चालक बंधू, कृपया गाडी साइड में लगाकर मुँह धो लीजिए.' पलीकडे जरा वेळ काहीच नाही. मग आप्पा म्हणाले, 'जी मॅडम.'

बापाच्या तोंडून मॅडम. घरी आल्यावर जेवण गेलं नाही.

२६ सप्टेंबर

आप्पा घरी आले होते. आईनं आवडीची भरली वांगी केली. ताटात हात तसाच ठेवून बसल्या बसल्या झोपले. आईनं हाक मारली तर दचकले आणि पाय एकदम जमिनीवर दाबला. ब्रेक!

मी म्हटलं, आप्पा, चार दिवस सुट्टी टाका. तर हसले. नामपूरकडचा माणूस, बोलणं आधीच मोजकं. म्हणाले, ऐन दिवाळीत नाय म्हणणारा दिवाळीनंतर कामाला नसतो. मागे त्यांच्याबरोबरच्या ड्रायव्हर भिकन काकांनी ताप आला म्हणून एक ट्रिप नाकारली होती, तर पुढे कितीतरी दिवस त्यांना गाडीच दिली नाही. काढत नाहीत कुणाला. नुसतं बसवून ठेवतात, माणूस आपणच जातो. पूर्वी आप्पा आडगाव नाक्यावरच्या शेठकडे होते तेव्हा शिव्या खायचे, पण 'शेठ, आज नाय जमत' म्हणायचे. आता म्हणायचं कुणाला? मोबाइलवर ट्रिप येते, खाली एकच बटण.

परत त्यांचा डोळा लागला, मी अंगावर चादर घालायला गेले तर मोबाइल वाजला आणि ते उठलेच.

२९ सप्टेंबर

एक गोष्ट लक्षात आली. बाकीचे ड्रायव्हर आता हुशार झालेत. जांभई आली की तोंड फिरवतात, रुमाल धरतात. आप्पा मात्र सरळ कॅमेऱ्यात बघून जांभई देतात. भाबडे कुठले! आईला म्हणायची सोय नाही की त्यांना सांग जरा तोंड फिरवायला.

२ ऑक्टोबर, दसरा

सुट्टी नाही. सकाळपासून स्क्रीनवर नुसता झेंडू! सगळ्यांनी गाड्यांना हार घातलेत, निम्म्यांचे हार कॅमेऱ्यावर आलेत, आणि सिस्टीम बोंबलतेय – कॅमेरा झाकला, कॅमेरा झाकला.

आप्पांचा तुकडा आला तो मी चार वेळा बघितला. धुतलेला शर्ट. आधी स्टेअरिंगला कुंकू लावलं, हात जोडले. मग कॅमेऱ्याकडे बघितलं. बराच वेळ. मग बोट जवळ आलं, मोठं मोठं होत गेलं, आणि सगळं लाल.

सर म्हणाले हे कॅमेऱ्याशी छेडछाड करण्यात जातं. मी जरा चढ्या आवाजातच म्हटलं, सर, आज नाशकात वजनकाट्यापासून शिलाई मशीनपर्यंत सगळ्याला कुंकू लागलंय, तुमच्या लॅपटॉपलाही मीच लावलंय. सर वरमले. नुसत्या ताकिदीवर भागलं. आप्पांना वाटत असेल कॅमेरा म्हणजे गाडीचाच एक भाग. जे यंत्र त्यांच्या पोटावर पाय देतं त्याचीही पूजा. चिडावं की रडावं!

५ ऑक्टोबर

खोटा. खोटा. खोटा.

८ ऑक्टोबर

आज यशश्रीनं मला बाजूला घेतलं. म्हणाली, तू त्यांचा भत्ता वाचवतेयस, पण त्यांना कोण वाचवणार? मी तिच्यावरच भडकले. म्हटलं, तुझे वडील ओझरला कारखान्यात, पाचला घरी, तुला काय कळणार? तिचं बरोबर आहे म्हणूनच मला राग आला. संध्याकाळी तिला माझ्या डब्यातला लाडू ठेवला.

१० ऑक्टोबर



सकाळी, पिंपळगावच्या अलीकडे. आप्पांचे डोळे मिटले. जांभई नाही, काही नाही – सरळ मिटले. तोंड उघडं, मान एका बाजूला. रस्ता दाखवणाऱ्या बाहेरच्या कॅमेऱ्यात टोमॅटोचे क्रेट भरलेला टेम्पो जवळ जवळ येत होता, मागे दोन बायका बसलेल्या. केबिनमधला भोंगा वाजला, आप्पा दचकले, गाडी वळवली. वाचले. त्या बायकाही वाचल्या. त्यांना कळलंसुद्धा नसेल.

स्क्रीनवर दोन बटणं. माझं बोट सवयीनं 'खोटा'वर गेलं होतं. तिथंच थांबले.

'खरा' दाबलं.

सरांनी लगेच आप्पांना पिंपळगावच्या टोल नाक्यावर थांबवलं, दुसरा ड्रायव्हर पाठवला. टीमच्या ग्रुपवर माझं नाव टाकलं – सतर्कतेबद्दल अभिनंदन. सगळ्यांचे अंगठे. मी बाथरूममध्ये जाऊन रडले.

संध्याकाळी घरी आले तर आप्पांची पिशवी दारात. स्टेअरिंगचं कव्हर, सप्तशृंगीचा फोटो, पाण्याचा कॅन. गाडी काढून घेतली. आप्पा आत झोपलेले. आई मला सांगत होती, 'कोण मेली ती कॉम्प्युटरवाली, बटण दाबून माझ्या घराची माती केली तिनं. तिचे हात झडोत.' मी त्याच हातांनी कणीक मळली.

११ ऑक्टोबर

आप्पा झोपलेत. कूससुद्धा बदलली नाही. आई दोनदा नाकाशी बोट धरून आली.

१२ ऑक्टोबर

आज उठले. आई किराणा आणायला गेली होती. मी चहा दिला आणि म्हटलं, आप्पा, मला एक सांगायचंय. त्यांनी हातानंच थांबवलं.

म्हणाले, "त्या दिवशी फोनवर तुझं हिंदी ऐकलं तेव्हाच समजलं. दसऱ्याला गाडीला कुंकू लावलं, स्टेअरिंगला लावलं. म्हटलं, पोरगी पण या कॅमेऱ्यामागंच बसलेली असती, तिला कसं सोडायचं?"

त्यांनी बशीत चहा ओतला, फुंकला.

"माझ्या तोंडून 'नाय' निघत नव्हतं, बाई. म्हणून तर तुझ्याकडे बघून जांभया द्यायचो. कधी ते बटण दाबतीस, त्याचीच वाट पाहत व्हतो."