परत येणारे लिफाफे

१२ ऑगस्ट, मंगळवार
आज पुन्हा फुटकी वाटी. पुण्याच्या कुणा बाईंनी शबनमच्या फोनवर फोटो पाठवला. वाळल्या भोपळ्याची वाटी, वर तापल्या तारेनं कोरलेले मोर, आणि मोराच्या मानेतून सरळ चीर गेलेली. शबनम, आमची सून, मला विचारते, अब्बा, यांना काय उत्तर देऊ? मी काय सांगणार. मी गाद्या भरणारा माणूस.
पण घोर मलाच. मोलगीच्या बाजारात इतकी वर्षं पिंजायला बसलो, त्या ओळखीवर मीच म्हटलं होतं की तिथल्या जेमाबाईच्या वाट्या फोनवर दाखव, विकल्या जातील. विकल्या गेल्या. आता धड पोचत नाहीत.

१५ ऑगस्ट, शुक्रवार
मोलगीला जाऊन आलो. जीपमध्ये मागची जागा, पाय आखडले. जेमाबाई पोत्यावर वाट्या मांडून बसली होती. पाच-सहा फुटल्याचं सांगितलं. वाटलं होतं चिडेल. म्हणाली, "फुटलं तर फुटलं बाबा. वेलाला परत भोपळे लागतात."
मग उठता उठता बोलली ते डोक्यातून जात नाही. दरवर्षी दिवाळीनंतर ती आणि नवरा गुजरातेत ऊस तोडायला जातात. यंदा आईचे डोळे गेले. म्हातारीला पाड्यावर एकटी ठेवता येत नाही आणि उसाच्या फडावर नेता येत नाही. वाट्या चालल्या तर मुकादमाला नाही म्हणणार. नाही चालल्या तर जावंच लागणार. मग आई?
मी म्हटलं, "आता फुटणार नाहीत. मी बघतो."
असं का म्हणालो कळत नाही. मी काय बघणार आहे?

१७ ऑगस्ट
शबनम म्हणते, फुग्याफुग्याचं प्लास्टिक असतं ते गुंडाळू. पण घेणारेच लिहितात, प्लास्टिक नको. खोका केला तर नेण्याचा खर्च वाटीपेक्षा जास्त. विचार केला, गादीच करावी. पिशवीएवढी, वाटी आत निजेल अशी. लिफाफाच, पण कापूस भरलेला.
बायकोला, हमीदाला सांगितलं तर हसत सुटली. "अब भोपळे को भी गादी लगेंगी क्या?"
इरफान दुकानाच्या पुढच्या भागात फोमच्या गाद्या विकतो. तो तिथूनच, "अब्बा, एक वाटी के पीछे एक गादी देंगे? दिवाला निकलेंगा."
पोरगा खोटं बोलत नाही. एकदा जाऊन संपणारी गादी परवडणार नाही. म्हणजे लिफाफा परत यायला पाहिजे. यायला पाहिजे, पुन्हा भरायला पाहिजे, पुन्हा जायला पाहिजे.
कोण परत पाठवणार?

२२ ऑगस्ट, शुक्रवार
पहिला लिफाफा झाला. बाहेरून जाड मांजरपाट, आत जुनं मऊ धोतर, मध्ये कापूस. कापूस कोरीटच्या शेतकऱ्याकडचा, डागी, पण दम आहे त्यात. हवेत ओल इतकी की पिंजताना चिकटत होता. गरम तव्यावर हातानं फिरवून शेकून घेतला, हमीदाचा तवा खराब केला म्हणून बोलणी खाल्ली. उभे-आडवे टाके घातले, चौकड्या पडल्या. तोंडाला नाडी.
पत्त्याचं शबनमनं सुचवलं. बाहेरून छोटा खिसा, त्यात पुठ्ठा. पुठ्ठ्याच्या एका बाजूला त्यांचा पत्ता, उलटला की आपला, खाली ‘रिकामा परत पाठवा’. चांगलं डोकं आहे तिचं. तोंडावर म्हटलं नाही.

२६ ऑगस्ट
वाट्या तपासणीला वापरायच्या नाहीत. एकेकीला जेमाबाईचे दोन-तीन दिवस जातात. मग अंडं? फुटलं तर सगळा कापूस वाया. शेवटी ह.च्या डब्यातून उडदाचे पापड काढले. पापडासारखी नाजूक वस्तू दुसरी नाही. तिला अजून सांगितलेलं नाही.

२८ ऑगस्ट, गुरुवार
लिफाफा मोलगीच्या जीपवाल्या बापूकडे दिला. टपावर टाक, मोलगीला ने, तसाच परत आण.
"चाचा, यामा काय शे? सोनं शे का?"
"पापड आहेत."
"पापड मोलगीले धाडी ऱ्हायनात आनि परत बी लई येवानं सांगी ऱ्हायनात? तुम्हनी तब्येत बरी शे ना?"
आख्खी जीप हसली. तरी घेऊन गेला. पोत्यांच्या मध्ये फेकला, डोळ्यांनी पाहिला. फेकला ते बरंच झालं, वाटेत असाच फेकणार.

३० ऑगस्ट
सगळे तुटले. एकही पापड आख्खा नाही. ह.ला आता कळलं. तुकडे तळले आणि खिचडीबरोबर वाढले.

३ सप्टेंबर, बुधवार
दुसऱ्यांदा पाठवले, दुसऱ्यांदा तुटले. पण आज एक गोष्ट दिसली. तुकडे वेडेवाकडे नाहीत. सरळ कडांचे, चौकोनी. जसे सुरीनं कापावेत. ताटात जुळवून बसवले आणि वर लिफाफा ठेवला. पापड जिथं तुटलाय तिथंच बरोबर माझा टाका.
टाक्यावर अंगठा दाबून बघितला.
गादीला टाका ओढून घालायचा हे मी बापाकडून शिकलो. टाका असा बसला पाहिजे की खड्डा पडावा, मग कापूस वर्षभर हलत नाही. गिऱ्हाईक अंगठा दाबून बघतं तेव्हा तो खड्डाच बघतं. आणि त्या खड्ड्यात कापूस नसतोच. दोन कापडं आणि दोरा. धक्का तिथून थेट आत. गादीवर माणूस झोपतो, त्याला काही होत नाही. पापडाला होतं. वाटीलाही होणार.

६ सप्टेंबर
टाके सैल घातले. हाताला जमतच नाही, दर टाक्याला बोट आपोआप ओढतं. ह.नं घालून दिले. मग कापूस घसरला, सगळा एका कोपऱ्यात गोळा. बाकी पिशवी रिकामी.
इरफान, "छोडो अब्बा. थर्माकोल डालो."
जेवलो नाही. मुकादम दिवाळीला येतो. तोवर काय होणार?

१४ सप्टेंबर, रविवार
हसू नये पण हसलो. दुकानातल्या लोखंडी स्टुलावर बसायला बिघडलेला एक लिफाफा खाली घेतला होता. टाक्याची रेघ बरोबर हाडाला लागायची. म्हणून वर दुसरा बिघडलेला टाकला, तो जरा तिरपा पडला. बसलो. रेघ लागेना. उठलो, दोन्ही सरळ जुळवून ठेवले. लागली. पुन्हा सरकवला. नाही लागली.
खालच्या टाक्यावर वरचा फुगवटा आला की झालं. दोन पातळ थर. टाके ओढूनच घालायचे, पण वरच्या थराचे खालच्याच्या मधोमध.
ह. विचारते, स्टुलावर उठबस काय चाललीय, मूळव्याध झाली का? म्हटलं, नाही, इलाज झाला.

१९ सप्टेंबर, शुक्रवार
दोन थरांचा गेला, आला. सगळे पापड आख्खे. एकाला सुद्धा चीर नाही. बापूनं जीपमधूनच ओरडून विचारलं, "चाचा, पापड फिरीसन उनात, आते लगीन करी टाका त्यास्नं!"
ह. म्हणाली, "अब तो तलने दो." तळले. आख्खा पापड खाताना इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.
वजन थोडं वाढलंय. बघू.

२६ सप्टेंबर, शुक्रवार
मोलगी. पाच लिफाफे नेले, पाच वाट्या भरून घेतल्या. जेमाबाईनं एक हातात घेतला, दाबला, गालाला लावला. "बाबा, यात मीच झोपते."
मग विचारलं, "एवढं चांगलं कापड. लोक परत देतील?"
"देतील. लोक चांगले असतात."
असा बोललो जसं काही सगळ्यांना ओळखतो.
आई बरी आहे म्हणाली. चुलीपर्यंत भिंत चाचपत जाते. परवा हात भाजला.

४ ऑक्टोबर, शनिवार
पाचही रवाना. पुणे, नाशिक, नागपूर, दोन वडोदऱ्याला. कुरिअरच्या दुकानातला पोरगा लिफाफा उलटा-सुलटा करून बघत राहिला. "चाचा, लिफाफाले नाडी? हाऊ लिफाफा शे का पायजामा?"
नाडी चालणार नाही, चिकटपट्टी लावा म्हणाला. चिकटपट्टी काढताना कापड फाटेल. वाद घालून शेवटी तिथंच सुईदोऱ्यानं तोंडावर चार टाके घातले. परत पाठवताना त्यांनाही घालावे लागतील म्हणून खिशातल्या पुठ्ठ्याला दोरा गुंडाळून ठेवला. सुई ठेवायचा धीर झाला नाही. कुणाला टोचली तर?
आता घरी येऊन वाटतं, सुई ठेवायला हवी होती. ज्याच्या घरी सुई नाही तो काय करेल?

९ ऑक्टोबर
नाशिक पोचली, आख्खी. पुणे पोचली, आख्खी. फोटो बघितले, मोठे करून बघितले. शबनम म्हणते अब्बा बस, फोन गरम झाला.
नागपूरचं काही नाही.

१४ ऑक्टोबर
वडोदऱ्याची एक नीट. दुसरीची कड उडाली. तोंडाशी एकच थर आहे, वाटी तिथं सरकली असणार. तिथं कापूस भरायचा मला कसं सुचलं नाही? सगळा दिवस तेच. संध्याकाळी नव्या लिफाफ्याला कापसाची जाड झडप लावली, आत दुमडणारी. आता बरोबर वाटतं. पण मागच्या वेळीही बरोबरच वाटलं होतं.
ती बाई रागावली नाही. म्हणते, कड घासून घेईन, वाटी ठेवते. अल्ला तिचं भलं करो.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार
दिवाळी झाली. शेजारचा फराळ अजून येतोय. पाचांतला एकही लिफाफा परत नाही. रोज कुरिअरवाल्याकडे जातो, तो मला लांबून बघूनच मान हलवतो. इरफान टोमणे मारायचा थांबलाय. त्याचीच जास्त भीती वाटते.
बापू म्हणाला, "मुकादम उना शे मोलगीले. मान्से गोया करी ऱ्हायना." उसाला न्यायला.
लिफाफे परत नाही आले तर पुढचे कशाचे करू? आणि पुढच्या वाट्या कशात जाणार? जेमाबाईला खोटी आशा लावली काय मी.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार
एक आला!
नाशिकचा. मळलेला, एका कोपऱ्याला फाटलेला, आणि तो कोपरा हिरव्या दोऱ्यानं शिवलेला. शिंप्याचा हात नाही, टाके सशाच्या उड्यांसारखे. चिठ्ठी वगैरे काही नाही. पुठ्ठा उलटून आमचा पत्ता वर.
ह.नं कितीदा तरी हात फिरवला. "किसी औरत का हाथ है." मी म्हटलं, पुरुषही शिवतो. मीच नाही का?
आत कापसाच्या गाठी झाल्या होत्या. गादीचं होतं तसंच. उसवून काढला आणि हातानं पिंजायची जुनी धुनकी माळ्यावरून उतरवली. तिची तात, ताणलेली दोरी, अजून शाबूत. मशीन आल्यापासून तिला हात लावला नव्हता. तिचा आवाज ऐकून इरफान गिऱ्हाईक सोडून मागं आला, दारात उभा राहिला. मग स्वतःच कापूस पुढे सारत बसला.

४ नोव्हेंबर
पुण्याचाही आला. हा धुऊन, घडी घालून. धुवायचा नव्हता, कापूस बसून गेलाय. पण धुतला कुणीतरी. हे छापून सांगावं लागेल, धुऊ नका, उन्हात घाला.
शबनमकडे आणखी सात वाट्यांची मागणी आहे.

७ नोव्हेंबर, शुक्रवार
मोलगी. जीपमधून उतरलो तर समोर उसाला जाणारा ट्रक उभा. टपावर गाठोडी, भांडी, टोपलीत कोंबड्या. आणि ट्रकला लागून जेमाबाई, वर कोयता देत होती. पाय तिथंच थांबले. हातातली लिफाफ्यांची पिशवी लपवावीशी वाटली.
मग तिच्या नवऱ्यानं वरून मला पाहिलं. "बाबा, तुमच्या गाद्यांनी माझी बायको काढून घेतली! आता तोडणीला भावासोबत जोडी लावली. त्याच्या हातची भाकरी कोण खाणार?"
सगळे हसले. जेमाबाई पण. "चार महिने खा. मग कळेल माझी किंमत."
मुकादम मोटारसायकलवर बसलेला. तो नाही हसला. तिला म्हणाला, "संक्रांतीनंतर दुसरी गाडी येईल. तेव्हा तरी ये. जागा ठेवतो."
"ठेवायची तर ठेव."
ट्रक गेला. ती वळण दिसेनासं होईपर्यंत उभी होती. मग माझ्याकडे आली, परत आलेले दोन्ही लिफाफे बाजाराच्या मधोमध उघडून पाहिले. आतून हात घातला, वास घेतला. बाजूच्या बायकांना दाखवले. त्यांच्या भाषेत काय बोलली समजलं नाही, पण एकीनं विचारलं, आमच्या टोपल्या यात जातील का. टोपल्या! तोंड केवढं करावं लागेल.
जेमाबाई म्हणाली, "बाबा, ज्यांनी परत दिले त्यांना विचारा, आणखी वाटी पाहिजे का. त्यांची मी फुकट कोरते."
सात वाट्या घेतल्या. तिची आई आता घराच्या दारात बसून सुकलेल्या भोपळ्यातल्या बिया हातानं काढते, डोळ्यांची गरज पडत नाही.
नागपूरचा अजून पत्ता नाही. वडोदऱ्याचे दोन्ही बाहेरच. माझ्याकडे परत आलेले दोन, मधे शिवलेले तीन, लिफाफे सगळे मिळून पाच, वाट्या सात. दोन नवे करायला कापड आहे, कापूस कमी पडतो. सकाळी कोरीटला जावं. संक्रांतीपर्यंत यातले किती फिरून येतात त्यावर जेमाबाईला दुसऱ्या गाडीत

(ह. हाक मारते, जेवण गार होतंय.)