कानाखालच्या गाठीतलं शेत

चोरखमारा,
१२ नोव्हेंबर १९५५

तीर्थस्वरूप हिरालाल भाऊजींना मेहुणा चैतराम याचा नमस्कार. (मान पुरती वाकत नाही, म्हणून तूर्त अर्धाच केला आहे. उरलेला मान मोकळी झाल्यावर.) आमच्या बहिणीचे, देवकाबाईचे, गुडघे कसे आहेत? देवरीच्या थंडीत तिला उन्हात बसवत जा.

माझ्या कानाखालची गाठ नागपूरला काढली, हे तुम्हाला कळलंच असेल. ती लाळेच्या ग्रंथीची निघाली. हे ऐकताच आमच्या मंदाबाईनं (बायको असून दयामाया नाही) निदान केलं, "दुसऱ्याच्या ताटाकडं पाहून पाहून झाली असंल जी." गाठ साधी की जिवावरची, एवढंच मला हवं होतं. पण तिचा पापुद्र्याएवढा तुकडा रंगवून, काचेवर चिकटवून दोन डॉक्टर पंधरा दिवस वाद घालत होते. धाकटा म्हणे साधी, थोरला म्हणे थांबा. असली गाठ त्यांनी जन्मात पाहिली नव्हती. मला उगीच अभिमान वाटला. आपल्या घराण्यात दुर्मीळ असं दुसरं काय निघालंय?

शेवटी मी म्हटलं, मलाही पाहू द्या. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि भाऊजी, मी तिथून हललोच नाही. खाली धानाच्या खाचरांसारख्या गुलाबी बांध्या पसरलेल्या, त्यांत जांभळं रोप दाटीनं उभं. वारा नाही, माणूस नाही. मी आपला या बांधावरून त्या बांधावर हिंडत राहिलो. हे आपल्याच मानेतलं, हेही विसरलो. वाटलं, पलीकडून आता कुणीतरी शिदोरी घेऊन येईल. धानात करगा, म्हणजे रानधान, शिरला तर लोंबी येईपर्यंत आपल्यालाही ओळखू येत नाही. मग डॉक्टरांना काय दोष द्यावा? मी कडेकडेनं पाहत गेलो आणि म्हणालो, "बांध तं कोठंच फुटला नाही जी, डाक्टरसाहेब." थोरल्यानं चष्मा काढून पुसला. आम्हीही तेच शोधतोय, म्हणाला, पण एका तुकड्यावरून सांगता येत नाही. आणखी तुकडे पाहून निकाल टपालानं कळवतो.

गाठ साधीच निघाली, असं मी गावात सांगून टाकलं आहे. धान कापणीला आलंय, आणि आजारी मालकाच्या बांधीत माणसं गप्प गप्प कापतात. मला ते सोसत नाही.

आपला,
चैतराम

ता. क. येताना चारोळी आणावी. (या म्हणून लिहायचं राहिलंच. या.)

ता. क. दुसरा : निकालाचं पाकीट येऊन नऊ दिवस झाले. मी फोडलेलं नाही. आत इंग्रजी असणार, आणि जंगलखात्याच्या कारकुनीमुळे आपल्या नात्यात ते तुम्हालाच येतं. रविवारच्या मोटारीनं या. आधी मनात वाचा. मला भीती वाटते, भाऊजी.

ता. क. तिसरा : मंदाबाईला ते शेतकी खात्याचं बियाण्याचं पत्रक म्हणून सांगितलं आहे. तिला अक्षरओळख नाही. काल पाहिलं, तर पाकिटाला हळदकुंकू लावून तिनं ते देवापुढं ठेवलं होतं.