कन्याकुमारीला जेवून निघू

३ नोव्हेंबर, सोमवार
राजीनामा दिला. साहेबांनी विचारलं, कशासाठी? म्हटलं, सायकलने कन्याकुमारीला चाललोय. ते काहीच बोलले नाहीत. भारावले असावेत.
रविवार ३० नोव्हेंबर. भाऊच्या धक्क्यावरून पहाटेची लाँच, रेवसला उतरायचं आणि मग किनाऱ्याकिनाऱ्याने खाली. मी आणि धम्मपाल. धम्मपाल शेजारच्या बिल्डिंगमधला, शाळेपासूनचा दोस्त. त्याने दोन महिन्यांची बिनपगारी रजा टाकली आहे. आयडिया माझी, नकाशा त्याचा. उद्यापासून रोज पहाटे पाचला उठणे. परळ ते गिरगाव चौपाटी आणि परत. यात तडजोड नाही.

४ नोव्हेंबर
उठलो नाही. ऑफिसच्या पोरांनी काल दादरला नेलं, बातमी सेलिब्रेट करायला. लोकांचं प्रेम नाकारणं मला जमत नाही.
धम्मपाल साडेपाचला खाली येऊन उभा होता म्हणे. मी येत नाही हे त्याला सांगायला आमचे वडील, नाना, खाली गेले. बराच वेळ सांगत असावेत, कारण आठला परत आले. नाना गेल्या वर्षी पाणीखात्यातून रिटायर झाले, तेव्हापासून त्यांना घरात करमत नाही. बिल्डिंगच्या टाकीची मोटर लावायची आणि मला बोलायचं, एवढी दोनच कामं उरलीत.
उद्यापासून नक्की.

८ नोव्हेंबर, शनिवार
शीवला लतिका मावशीकडे जेवण. कोंबडीवडे, तळलेली सुरमई, सोलकढी. मावशीने ओवाळलं, नारळ दिला आणि डोळे पुसले. म्हणाली, बाहेर तुला काय मिळणार रे बाबा, खाऊन घे. मी खाऊन घेतलं. लग्नाआधी लोकांची केळवणं होतात तशी माझी सुरू झाली आहेत, फक्त नवरी नाही.
नेटवर वाचलं की मोठ्या राइडआधी शरीरात भरपूर कार्ब साठवावे लागतात. म्हणजे मी करतोय ते शास्त्रीयच आहे.

१२ नोव्हेंबर
आज गेलो! पहाट किती सुंदर असते. लालबागपर्यंत वाऱ्यासारखा. भायखळ्याच्या पुलावर चेन घसरल्यासारखी वाटली. घसरली नव्हती, पण रिस्क नको म्हणून टॅक्सी केली, सायकल वर कॅरिअरला बांधली. टॅक्सीवाला म्हणाला, सेठ, नई सायकल ली क्या? हो म्हटलं. धम्मपाल एकटाच चौपाटीला जाऊन आला. घाम पुसत म्हणाला, तू नुसता रोज ये रे, बाकी आपोआप होतं. त्याच्यात शिस्त आहे, पण प्लॅनिंग नाही. प्लॅनिंगचं मी बघीन.

१५ नोव्हेंबर
संतापजनक. माझ्या सायकलची सीट कोणीतरी खाली केली आहे. टायरला चौपाटीची वाळू. बिल्डिंगमधली पोरं रात्रीबेरात्री फिरवत असणार. नवीन कुलूप आणलं आणि किल्ली नानांकडे सांभाळायला दिली. जबाबदार माणूस घरात असला की असा उपयोग होतो. नाना म्हणाले, सीट माका बरी वाटता तशी. त्यांना सायकलमधलं काय कळतं, मी वाद घातला नाही.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार
ऑफिसचा सेंडऑफ. केक, भाषणं, सगळ्यांची सही असलेला टी-शर्ट. आरोही अगदी जवळ येऊन उभी राहिली. आवाज खाली करून म्हणाली, सुशांत, तुझी खिडकीजवळची जागा मी घेऊ? तिला माझ्याच जागेवर बसायचं आहे. मी गेल्यावर रोज तिथे बसून माझी आठवण काढणार. मन भरून आलं. केकचे उरलेले तुकडे डब्यातून घरी आणले.

२४ नोव्हेंबर
ऑनलाइन मागवलेली सायकलिंगची चड्डी आली. लार्ज मागवली होती. कंपनीने साइज लहान पाठवली आहे. आई म्हणाली, कंपनीचं काय चुकलं नाय. मी परत पाठवणार होतो, पण नाना म्हणाले, ऱ्हवांदे, वाया कशाला घालवायची. माणूस फुकट काही सोडत नाही.
या आठवड्यात रोज जेवणं आहेत. सोमवार कॉलेज ग्रुप, मंगळवार शाळेचा ग्रुप, बुधवार कॉलेज ग्रुपमधले सोमवारी न आलेले. घरात नारळांची रास लागली आहे. आई रोज खोबऱ्याच्या वड्या करते, आणि घरात असतात म्हणून खाव्या लागतात.

२९ नोव्हेंबर, शनिवार
आयुष्यातला सर्वात मोठा दिवस. मंडळाने सत्कार केला. नाक्यावर फ्लेक्स लागला आहे! मधोमध मी, गॉगल लावून. खाली मोठ्या अक्षरांत 'परळचा वाघ निघाला कन्याकुमारीला'. कडेने कार्यकर्त्यांचे गोल फोटो. मंडळाचे अध्यक्ष दौलतदादा यांचा फोटो माझ्यापेक्षा थोडा मोठा आहे, पण फ्लेक्सचा खर्च त्यांचा आहे. शाल, श्रीफळ. मी वीसेक मिनिटं बोललो. जिद्द, मराठी माणूस वगैरे. टाळ्या पडल्या. धम्मपालला स्टेजवर बोलवायचं राहून गेलं. तो मागे नानांबरोबर उभा होता.
दौलतदादांनी माइकवरूनच जाहीर केलं की गिरगावच्या मित्रमंडळालाही माझा सत्कार करायचा आहे, पुढच्या शनिवारी. स्टेजवर नाही कसं म्हणणार? सत्कारानंतर विश्रांतीही हवी, म्हणून निघणं १४ डिसेंबरवर ढकललं. धम्मपाल म्हणाला, लाँच रोज असते रे, माझी रजा रोज नसते. थोडा निगेटिव्ह आहे तो.

६ डिसेंबर
गिरगावचा सत्कार. अकरा लोक होते, त्यातले चार बाकडी मांडणारे. पण क्राउड दर्दी होता.

१० डिसेंबर
दूधवाला: अजून इथेच? इस्त्रीवाला: अरे, गेला नाहीस? दुसऱ्या मजल्यावरच्या जाईबाई, यांना तर मी स्वतः पाया पडून निरोप घेतला होता, त्या जिन्यात अशा दचकल्या की हातातली पिशवी खाली पडली. लोकांना धीर नाही. ढकललेल्या तारखेबद्दल कोणी फ्लेक्स लावत नाही ही खरी अडचण आहे. सध्या नाक्यावरून न जाता मागच्या गल्लीने जातो. टोपी घालतो. फ्लेक्सवर मी बिनटोपीचा असल्याने ओळखू येत नाही.

१३ डिसेंबर, शनिवार
मावशीच्या नणंदेच्या मुलाचं लग्न २०ला दुपारी आहे आणि मावशीने हक्काने सांगितलं आहे की हळद-लग्न करून मगच जा. नात्यांपुढे इलाज नाही. धम्मपालला फोन केला. तो शांतपणे म्हणाला, २१ला पहिल्या लाँचमध्ये मी बसणार, सुशांत. तू आलास तर चांगलंच आहे. त्याच्या आवाजात माझ्याबद्दलचा विश्वास जाणवला.

१८ डिसेंबर
घरातली काही निरीक्षणं. नाना बारीक झालेत. रंग रापलाय. काल तीन जिने न थांबता चढले आणि वर आल्यावर शिट्टी वाजवत होते. पहाटे घरात नसतात. रिटायर झाल्यावर माणूस देवाकडे वळतो, तसं काही असेल. डॉक्टरकडे न्यायला हवं. परत आल्यावर नेईन.
आईने माझी बॅग भरायला घेतली आहे. तिचंही मन थाऱ्यावर नाही. बॅगेत कानटोपी, गुडघ्याला चोळायचं तेल आणि नानांच्या बीपीच्या गोळ्या! मी हसून गोळ्या बाहेर काढून ठेवल्या. संध्याकाळी बघतो तर परत आत.

२० डिसेंबर, शनिवार
लग्न जोरात झालं. पंगतीत आग्रहाने जिलेबी. संध्याकाळी शाळेच्या ग्रुपचं शेवटचं जेवण होतं, खोताच्या वाडीत. चौघे येणार होते, दोघे आले. त्यातल्या एकाने विचारलं, हे दुसरं की तिसरं? पण बिर्याणी उत्तम होती आणि दोन माणसांची उरली होती.
घरी आलो तर नाना सायकलीला तेल घालत बसलेले. म्हणाले, उद्या उठलंस तर तू जा, माझा काय म्हणणा नाय. नाय उठलंस तर मी चललंय. मी खूप हसलो. नानांना विनोद क्वचित सुचतो. आई हसली नाही.
अलार्म लावला. चार, चार दहा, चार वीस. उद्या या वेळी कोकणात!

२१ डिसेंबर, रविवार, सकाळी साडेनऊ
पोटात गडबड. जिलेबीवर बिर्याणी घ्यायला नको होती. खाली गेलो, सायकल नाही. चोरीला गेली म्हणून ओरडलो. वर येऊन नानांना किल्ली विचारायला गेलो, नाना नाहीत. चड्डी नाही, बॅग नाही.
आई म्हणाली, गेले ते, धम्मपालबरोबर. रोज सकाळी जायचेच की दोघे. पहिल्या दिवशीपासून. चौपाटीपर्यंत, गेल्या महिन्याभरात तर पार वरळीवरून फिरून यायचे. मी म्हटलं, मला उठवायचं नाही का? म्हणाली, नानांनी स्वतः उठवलं, पाठीवर हात ठेवून. तू कुशीवर वळलास आणि म्हणालास, पुढच्या रविवारी.
मला यातलं काही आठवत नाही. पण वाक्य माझं वाटतं.

दुपारी
एकोणसाठाव्या वर्षी हा पोरकटपणा आहे. अलिबागपर्यंत जातील आणि एसटीने परत येतील. तोपर्यंत मी तयारीला लागतो. उद्यापासून सूर्यनमस्कार.

२४ डिसेंबर
श्रीवर्धन. फोटो आला. नाना समुद्रापुढे सायकल धरून उभे, माझी चड्डी घालून. त्यांना ती नीट बसते.
दौलतदादांनी फ्लेक्स उतरवला नाही. माझ्या तोंडावर नानांचा फोटो चिकटवला आहे. वाघ तोच ठेवला. गॉगलची एक काडी अजून बाजूने दिसते. नाक्यावर आता टोपीशिवाय गेलो तरी चालतं, लोक थांबवून फक्त एवढंच विचारतात की नाना कुठवर पोचले. मी सांगतो. रोज सांगावं लागतं म्हणून मी त्यांचं लोकेशन बघून ठेवतो.
मोटर लावायचं काम माझ्याकडे आलं आहे. ऑफिसला फोन केला होता, साहेब मीटिंगमध्ये होते. आरोहीने उचलला. खिडकीतून उजेड छान येतो म्हणाली.

३१ डिसेंबर
आज कोणाचंच बोलावणं नाही. शाळेच्या ग्रुपचे फोटो आले, सगळे अलिबागला. विचारलं, मला का नाही सांगितलं? एक जण म्हणाला, अरे, तू इथे आहेस? आम्ही तुला धरलंच नव्हतं. राग आला. पण कोणावर यावा ते कळेना. मला सगळ्यांनी मनापासून निरोप दिला होता, मीच इथे उरलो.

१ जानेवारी, गुरुवार
नानांचा फोन, मालवणहून. तिथे त्यांच्या आतेभावाकडे उतरलेत. म्हणाले, गुडघो दुखता रे. माका पुढे जमाचा नाय. शनिवारपर्यंत मी हंयच आसय. तू रात्रीच्या बसने ये, सायकल घे, मी तीच बस पकडून घरी जातंय. लोकांना सांगू, ठरलेलाच होता तसा, अर्धा बापाने, अर्धा पोराने. एवढं बोलून थांबले. नानांना फोनवर थांबायची सवय नाही, पण थांबले.
मी म्हटलं, शनिवारी जमणार नाही नाना, कार्यक्रम आहे.
कसलो, असं त्यांनी विचारलं. म्हटलं, मित्रांचा आहे असाच एक. बरा, म्हणाले, आणि आईला फोन द्यायला सांगितला.
संध्याकाळी धम्मपालचा मेसेज. नानांच्या गुडघ्याला काही झालेलं नाही. काल देवगडच्या पुढचा चढ माझ्याआधी चढले आणि वर जाऊन चहा सांगून ठेवला होता. तू यावंस म्हणून बोलले. त्यांना मी हे सांगितलेलं कळू देऊ नकोस. ये की, भावा.
मेसेज दोनदा वाचला. मालवणची बस परळवरून सुटते, आमच्या घरापासून चालत दहा मिनिटं. बॅग लागणार नाही, सगळं तिकडे आहे. आणि मला जायचं आहे. नोव्हेंबरपासून दुसरं काही नकोच होतं. पण तिथे पोचलो की सायकलवर बसावं लागेल, आणि पहिल्या चढाला काय होणार ते मला माहीत आहे. नाना बघतील, धम्मपाल बघेल. दोघंही काही बोलणार नाहीत. ते मला सहन होणार नाही. निघण्यापर्यंतचं सगळं मला छान जमतं. त्याच्या पुढचं मला येत नाही.
धम्मपालला लिहिलं, सॉरी रे, आधीच ठरलेला कार्यक्रम आहे.
शनिवारी काही नाही. रविवारीही नाही. आईने स्वयंपाकघरातून विचारलं, शनिवारी तू जेवायला घरी असशील ना, तसा तांदूळ घेते. म्हटलं, असेन.