फिक्क्या रंगाची पोरगी

१२ नोव्हेंबर, मंगळवार

आज तुळशीचं लग्न. म्हणजे उद्यापासून लग्नसराई सुरू. दुकानात पाय ठेवायला जागा न्हाई. एक बाई मोबाइलमध्ये साडीचा फोटो घेऊन आल्ती, याला मॅचिंग द्या म्हणे. फोटोतला रंग अन् साडीतला रंग एकच असता तर मी मॅचिंग सेंटर कशाला काढलं असतं. तिला तीन गुलाबी दाखवले. तिन्ही बराबर वाटले तिला. डोकं उठलं.

इतकी वर्षं काउंटरला बसून एक कळलं. बाईचा स्वभाव साडीत न्हाई, मॅचिंगमध्ये दिसतो. टू बाय टूचा, म्हणजे ब्लाउजच्या कापडाचा, तुकडा घेऊन दहादा उन्हात जाणारी घरी निवडलेले तांदूळ पुन्हा निवडते. ‘कोणताही द्या हो’ म्हणणारी दुसऱ्या दिवशी बदलायला येते, बिलकुल चुकत न्हाई. साडीपेक्षा ब्लाउज भडक घेणारीला घरात कोणी बोलू देत न्हाई, असं माझं मत. नवऱ्याला तुकडा देऊन पाठवणारी एक जात आहे, तिच्याबद्दल लिहायला लागले तर वही पुरणार न्हाई.

अन् एवढी मी पारखी, तर घरातलीच पोरगी कळत न्हाई. विद्या. सव्वीस झाली. बदनापूर रोडला बियाण्याच्या कंपनीत लॅबमध्ये आहे. तिचं कपाट उघडलं की वाटतं लाइट गेली. काळं, करडं, त्याहून काळं. वरून यांचे जुने शर्ट. का, तर शर्टाला खिसा असतो. बोलणं पण तसंच, ना फॉल ना पिको, कापलं की दिलं.

आक्कांनी, यांच्या थोरल्या बहिणीनं, तीर्थपुरीचं स्थळ आणलंय. मुलगा अंबडला बँकेत. रविवारी पाहायला येणार. वि.ला विचारलं तर ‘येऊ दे की’ म्हणाली. भांडण न्हाई काही न्हाई. मलाच धडकी भरली.

१७ नोव्हेंबर, रविवार

पार पडलं एकदाचं.

कोणता रंग काय बोलतो हे मला न्हाई तर कोणाला कळणार? काळी म्हणजे हट्टी. लाल म्हणजे हौशी. बेबी पिंक म्हणजे सालस. बेबी पिंक काढली. बारीक काठ, बाह्या कोपरापर्यंत, गळ्यात मोत्याचं, केसाची वेणी. वि. आरशात पाहून म्हणाली, “आई, ही कोण?” मी म्हटलं गप बस, हलू नको, पिन लावून राह्यले.

ती पिनच कामाला आली. खांद्याला टोचत होती. हललं की आत जायची, म्हणून पोरगी हलली न्हाई, मान वर केली न्हाई, विचारलं तेवढ्याला हो-न्हाई केलं. मुलाची आई (तीर्थपुरीच्या बाई, पुढं नुसतं ती.बा. लिहीन) पाहतच राह्यल्या. म्हणाल्या, आजकाल अशी शांत पोरगी पाहायला मिळत न्हाई हो.

मुलगा सागर. दुपारच्या उन्हात कोट घालून आल्ता. घामानं न्हाऊन निघाला. पोहे खाल्ले अन् विचारलं, लॅब कुठं आहे? वि. म्हणाली, बदनापूरकडं. झालं दोघांचं बोलणं.

संध्याकाळी आक्कांचा फोन. पसंत. ८ डिसेंबरला साखरपुडा, आपल्याकडं, घरीच. मी देवाजवळ दिवा लावला. वि. साडी सोडून यांच्या शर्टात बसून राहिलेले पोहे खात होती.

१८ नोव्हेंबर, सोमवार

आठवड्यानं नळ आल्ता. पाणी भरता भरता भांडण. सगळी गल्ली ऐकून राह्यली.

वि. म्हणते त्यांना ती गुलाबी पसंत पडली, मला तर कोणी पाहिलंच न्हाई. मी म्हटलं मुलगा कसा वाटला ते सांग. म्हणे कोट पाहिला, मुलगा दिसला न्हाई. मी म्हटलं मंग नकार दे, मोकळं कर आम्हाला. तर हंडा खाली ठेवून म्हणाली, “नकार कशाला? माणसं बरी वाटली मला. पण साडी तू नेसवली, आता तूच सांग त्यांना मी रोज कशी असते ते. साखरपुड्याच्या आधी सांग. त्यावर ते हो म्हणाले तर माझं पण हो.”

न्हाई सांगितलं तर?

“तर मी बसणार न्हाई पाटावर.”

हे बादली घेऊन चालले होते. जाता जाता म्हणाले, बराबर आहे तिचं. जन्मात कधी या माणसाला मत आलं न्हाई. आलं ते आज, अन् ते पण माझ्या उलट.

कसं सांगायचं? फोन करून म्हणायचं, तुम्ही पाहिली ती आमची मुलगी न्हाई?

२३ नोव्हेंबर, शनिवार

ती.बा.चा फोन, भर गर्दीत. मापाचा ब्लाउज पाठवा म्हणाल्या. साखरपुड्यात मुलाकडची साडी पोरीला देतात, ती आत जाऊन नेसून येते, मंग पुन्हा पाटावर बसते, तेव्हा त्या साडीवरचा ब्लाउज आधीच शिवून ठेवावा लागतो. वि.जवळ ब्लाउज एकच. तोच. बेबी पिंकवरचा.

पुढं म्हणाल्या, “पोरीची आवड कळली आम्हाला. सगळं फिक्कंच घेऊन राह्यलो.”

हीच वेळ होती. समोर दोन गिऱ्हाइकं उभी, पण एक मिनिट थांबली असती की. मी काय म्हटलं? ‘हो हो, तिला फिक्कंच आवडतं.’ तोंडाला कुलूप लागावं माझ्या.

ब्लाउज कागदात गुंडाळून तीर्थपुरीच्या जीपवाल्याजवळ दिला. तो हसला. त्याला काय हसायचं होतं.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

लिहू का नको. लिहितेच.

ती.बा. खरेदीला जालन्यात आल्त्या. शेजारच्या मारवाडी सेठजींच्या साडीच्या दुकानात. तिथून मला बोलावणं. गेले. स्वतःच्या अंगावर पोपटी, हातभर काठ, कपाळाला रुपयाएवढं कुंकू. पुढं मांडलेल्या सगळ्या साड्या पिस्ता, क्रीम, पाण्यात बुडवून काढलेला गुलाबी. मी हसत म्हटलं, तुमची आवड तर भारी आहे, सुनेला एवढं फिक्कं का?

त्या म्हणाल्या, “माझ्या घरात बोलणारी मी एकटी पुरे आहे, विहीणबाई.”

हसूनच म्हणाल्या. म्हणजे यांना रंग पसंत न्हाई पडला, गप्प बसणं पसंत पडलं. अन् माझ्या पोरीजवळ दुनियाभराचं आहे, तेवढं न्हाई.

चहाला माझ्या दुकानात आणलं. बसवलं. तेवढ्यात वि. दारात. आज सुट्टी होती, माझा डबा घरी राहिल्ता तो घेऊन आल्ती. डोक्यावर हेल्मेट, काच वर, यांचा निळा शर्ट, बाह्या दुमडलेल्या, काळी पँट, पायात बूट. ती.बा.नी तिच्याकडं पाहिलं. वि.नं त्यांना ओळखलं, तोंड उघडणार, अन् माझ्या तोंडातून निघालं,

“मॅडम, तो रंग आला न्हाई अजून. उद्या या.”

पोटच्या पोरीला. मॅडम.

वि.नं हेल्मेटची काच खाली ओढली. मंग म्हणाली, “बरं. उद्या येते.” डबा हातात तसाच. गेली.

ती.बा.नी चहा अर्धाच घेतला. गुडघे दुखून राह्यले, बाकीचं नंतर पाहू म्हणाल्या अन् निघाल्या. मी दिवसभर उपाशी. तेच पाहिजे होतं मला.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

वि. बोलत न्हाई. ओरडली असती तर चाललं असतं. सकाळी डबा माझ्या हातात दिला, बराबर भरलेला. निघताना एवढंच म्हणाली, “आई, मी तुझी लाज आहे हे मला म्हाईत नव्हतं.”

तशी न्हाई गं. तशी बिलकुल न्हाई. पण ती गेल्ती तोवर.

आज एका गिऱ्हाइकावर उगाच खेकसले. तिची काही चूक नव्हती, जांभळा मागत होती. नंतर रडले. फॉलच्या गठ्ठ्यामागं बसून, म्हणजे कोणाला दिसू नये.

३ डिसेंबर, मंगळवार

दुपारी एक पोरगा आला. पिवळाधमक टीशर्ट, उन्हानं उडालेली टोपी, पायात चपला. माझी सवय जाईना, म्हटलं हा बायकोचं मॅचिंग चुकवणारा. तर म्हणतो, काकू, ओळखलं न्हाई का? सागर! कोट दाजींचा होता म्हणे. आईनं घालायला लावला, बँकेतला वाटला पाहिजे म्हणून. अन् मंग जे बोलायला लागला ते थांबेना. मोसंबीची बाग, बँकेतला साहेब, जीपमधली गर्दी. ब्लाउज शिवून आल्ता तो एकदा घालून पाहा म्हणून आईनं पाठवला होता.

मी म्हटलं बस. दुकानाचं अर्धं शटर ओढलं अन् सगळं सांगून टाकलं. पिन, साडी, काळं कपाट, शर्ट, बूट. आमची पोरगी गरीब गाय न्हाई, तोंडावर बोलते, उलट बोलते. गुरुवारचं मात्र न्हाई सांगितलं.

तो ऐकून हसला. म्हणाला, बरं झालं, मी तर घाबरलो होतो की घरी एकट्यालाच बोलत बसावं लागतंय की काय. पण आईला तुम्हीच सांगा काकू. मी सांगितलं तर म्हणेल, पोरीनं आत्तापासून शिकवून ठेवला.

ज्याला त्याला मीच सापडते सांगायला.

संध्याकाळी वि.ला म्हटलं, गुरुवारी तीर्थपुरीला जाऊ. तू पण चल. जे घालायचं ते घाल. “आधी नीट विचार कर,” म्हणाली. केला म्हटलं. पाच दिवसांत पहिल्यांदा ती माझ्या ताटात भाकरी वाढत होती.

५ डिसेंबर, गुरुवार

अंबडपर्यंत बस, पुढं जीप. वि.नं तोच निळा शर्ट घातला. मुद्दाम. मी काही म्हटलं न्हाई.

ती.बा. ओसरीत तूर निवडत होत्या. आम्हाला पाहून उठल्या. मी चप्पल काढायच्या आधीच बोलले, न्हाईतर पुन्हा राहून गेलं असतं. “ही माझी मुलगी. विद्या. रोज अशीच असते.”

त्यांनी वि.ला वरपासून खालपर्यंत पाहिलं. बस म्हणाल्या. पाणी दिलं. लॅबमध्ये काय करते ते विचारलं. वि.नं सांगितलं, बी उगवतं का न्हाई ते तपासते, अन् त्यांच्या सुपातली तूर हातात घेऊन म्हणाली, यातली निम्मी किडकी आहे, पेरायला ठेवू नका. मी डोळे मिटून घेतले. ती.बा. चिडल्या न्हाईत. सूप तिच्याकडं सरकवलं.

मंग मला आत बोलावलं. एकटीला.

“पोरगी चांगली आहे. शर्टाचं काय, आमच्या घरच्या बाया पण शेतात जाताना शर्टच घालतात. बोलते, ते पण चालेल, मी बोलेन तिच्याशी.” दार लोटून घेतलं. “पण त्या दिवशी दुकानात मी तिला तेव्हाच ओळखलं होतं. डोळे तेच. म्हटलं आता आई म्हणेल, या, ही पाहा माझी पोरगी. तुम्ही तर तिला गिऱ्हाइक करून वाटं लावलं. तेव्हापासून माझं मन अडकून राह्यलं, विहीणबाई. ज्या घरात आईच पोरीला चारचौघांत ओळख देत न्हाई, तिथं सोयरीक करावी का? उद्या आमच्यावर वेळ आली तर तुम्ही आम्हाला ओळख द्याल?”

काउंटरला बसून अख्ख्या जालन्याच्या बायका ओळखते मी. अन् ही बाई मला एका वाक्यात ओळखून बसली.

शनिवारपर्यंत सांगते म्हणाल्या. जीपमध्ये वि. विचारत होती काय म्हणाल्या. नंतर सांगते म्हटलं.

७ डिसेंबर, शनिवार

फोन न्हाई. दुपारपर्यंत न्हाई. आक्कांचे मात्र सारखे. म्हणतात, तुला कोणी सांगितलं होतं पोरीला शर्टात न्यायला? त्यांना वाटतं शर्टानं अडलं. वाटू दे.

हे विचारतात मांडववाल्याला हो म्हणू का न्हाई. मी म्हटलं मला विचारू नका. स्वयंपाकीण पण विचारून गेली. गल्लीतल्या बाया उद्या काय नेसायचं म्हणून रंग विचारायला आल्त्या, त्यांना काय सांगू.

चारला दुकान बंद करून घरी आले. लग्नसराईत दुकान बंद, पहिल्यांदा. वि. कपड्यांना इस्त्री करत होती. मंग सांगितलं तिला सगळं. ती.बा. आत काय म्हणाल्या ते, एक शब्द न चोरता. अडलं ते तुझ्यामुळं न्हाई, माझ्यामुळं. मला वाटलं आता ही म्हणेल, बराबरच बोलल्या त्या.

तिनं इस्त्री बंद केली. म्हणाली, “तू लाजली न्हाईस गं. तू घाबरलीस. दोन्ही वेगळं आहे.” मी म्हटलं त्यांना कुठं म्हाईत. तर म्हणाली, “मंग कोणीतरी सांगायला पाहिजे ना त्यांना, तू रोज कशी असते ते,” अन् माझाच मोबाइल उचलून, ती.बा.चा नंबर लावत गच्चीवर गेली.

खाली जिन्यात बसून लिहून राह्यले. तिचा आवाज येतो, शब्द येत न्हाईत. एकदा हसल्यासारखं वाटलं, मंग येरझाऱ्या घालणारी पावलं. मांडववाला दारात उभा आहे. हे त्याला थांब म्हणाले.